माणसं खाली, सामान खाली

सौरवच्या बाबांनी आज संध्याकाळी बूट पुसून दाराशी ठेवले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बूट दाराशी ठेवले म्हणजे सकाळी बाहेर पडायचं असतं, हे मला लग्नापासून माहीत आहे. पण जानेवारीत निवृत्त झालेल्या लाईनमनला मे महिन्यातल्या रविवारी सकाळी कोणत्या खांबावर जायचं असतं? विचारलं तर म्हणाले, "पोराबरोबर जाऊन येतो जरा." आणि ओसरीवर कूलरच्या झोतात खाट ओढून झोपी गेले. सौरवच्या खोलीतला दिवा बंद आहे, पण तो झोपलेला नाही. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. माणूस एकदा नीट डोळ्यांपुढे उभा केला, तर त्याचं काय करायचं ते कदाचित कळेल.

ह्यांचं नाव कवडू. आता असं नाव कुणी ठेवत नाही. आमच्या लेकीच्या, गुंजनच्या लग्नपत्रिकेत ते वाचून जावयाचे मित्र आपसात हसले होते, ते मी पाहिलं होतं. ह्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हे जन्मले तेव्हा सासूबाईंनी त्यांना सुपात घालून सुईणीच्या दारात ठेवलं. सुईणीने "हे माझं" म्हणून उचललं, आणि मग सासूबाईंनी एक कवडी देऊन स्वतःचंच लेकरू तिच्याकडून विकत घेतलं. कवडीचा माल, यमाला वाटावं, हा नेऊन काय करायचा. सुईणीने ती कवडी बाळाच्याच करदोट्यात बांधून दिली. करदोटे तुटले, बदलले, कवडी तीच आहे. मी उमरेडच्या कॉलेजात बी.ए. केलेली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी लग्नानंतर एकदा म्हणाले होते. हे म्हणाले, "नको ठेवू. यमाचा आहे ना, बस झालं."

उमरेडच्या पलीकडल्या खेड्यातून हे कामाला लागले. आधी रोजंदारीवर खड्डे खणले, मग तारा ओढल्या, मग कायम झाले. आम्ही हुडकेश्वरला प्लॉट घेतला तेव्हा इथे सगळी शेतं होती आणि रात्री कोल्हे ओरडत. आमच्या गल्लीतले खांब ह्यांनीच उभे करवले. आता त्या खांबांच्या दोन्ही बाजूंना चार-चार मजली इमारती आहेत. तिथल्या लोकांना ह्यांचं नाव ठाऊक नाही, पण नंबर सगळ्यांकडे आहे. 'लाईटवाले काका' या नावाने.

नागपूरच्या मे महिन्यात लाईट जाणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. कूलर थांबला की पाच मिनिटांत भिंतीतून गरम वाफा यायला लागतात. लोक तक्रारीच्या नंबरवर फोन करत नाहीत, तो कधी लागत नाही म्हणतात. ह्यांना करतात. शेजारच्या तुळसाबाई तर फोनही करत नाहीत, कुंपणावरूनच हाक मारतात. "कवडूभाऊ, कधी येईन गा लाईन? माह्या जीवाची भाजी होऊन राहिली इथं."

"येते येते, तुळसाबाई. भाजीत मीठ टाकून ठेवा तोवर."

अशी बोलणी मी किती ऐकली असतील. जेवता जेवता ताट सारून हे उठत. दिवाळीच्या पाडव्याला, गुंजनच्या हळदीच्या दिवशी, सासूबाईंच्या तेराव्याला. मी चिडले की म्हणत, "माहं काम अंधारातच आहे वं. उजेड असला की मले कोण विचारते?"

त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. खांबावर चढण्याआधी लाईनमन उपकेंद्रात बसलेल्या ऑपरेटरला सांगून लाईन बंद करून घेतो. याला परमिट घेणं म्हणतात. ज्याने परमिट घेतलं, त्यानेच काम झाल्यावर ते परत करायचं. तोवर कितीही मोठा साहेब आला तरी ऑपरेटरने लाईन सोडायची नाही. हे वर असत आणि तिकडे उपकेंद्रात मारोतराव असत. ह्यांची-त्यांची जोडी इतकी जुनी, की एकमेकांना चेहऱ्याने कमी आणि आवाजाने जास्त ओळखत. काम झालं की हे फोनवर एकच वाक्य बोलत, "माणसं खाली, सामान खाली. सोडा लाईन, मारोतराव." मारोतराव तेच उलट विचारत, "माणसं खाली?" हे म्हणत, "खाली." "सामान खाली?" "खाली." मग लाईट येई. मी एक-दोनदा म्हटलंही, तुम्ही आधीच सांगता, मग ते परत कशाला विचारतात? हे म्हणाले, "सांगणाऱ्याले घाई असते. विचारणाऱ्याले नसते."

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसच्या आवारात मंडप घातला होता. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून भेट दिली ती चार्जिंगच्या दिव्याची. तुळसाबाईंना तो दाखवला तर त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लाईनमनच्या घरी चार्जिंगचा दिवा. म्हणजे आता तुमचा पण भरोसा नाही तं." मंडपात ह्यांना बोलायला माईकसमोर ढकललं होतं. हे उभे राहिले, घाम पुसला, आणि म्हणाले, "काय बोलू. माणसं खाली, सामान खाली." सगळे हसले, टाळ्या पडल्या. मागे बसलेले मारोतराव तेवढे हसले नाहीत. त्यांना रुमाल काढावा लागला.

हेल्मेट, पट्टा, रबरी हातमोजे स्टोअरमध्ये जमा केले. बूट स्वतःच्या पैशाचे होते, ते घरी आले.

पहिला महिना बरा गेला असं मी म्हणेन. म्हणजे त्यांनी घरातलं एकही बटण सुटं ठेवलं नाही. गच्चीवरची कपड्यांची दोरी काढून तिथे तार ओढली, ती इतकी ताणून की वारा आला की वाजते, आणि ओल्या चादरीनेही वाकत नाही. माझा मिक्सर थांबवून त्याचा आवाज ऐकायचे. दुपारी फोन हातात घेऊन बसायचे आणि तो वाजला नाही की आपणच बाहेर जाऊन खांबाकडे पाहून यायचे. एकदा सकाळी ऑफिसात चहाला म्हणून गेले आणि अर्ध्या तासात परत आले. नवा कुणी सहायक लागला होता, त्याने विचारलं, "काय काम आहे काका? बिलाचं काउंटर समोर आहे." हे मला हसत हसत सांगितलं. पण त्यानंतर चहाला गेले नाहीत.

गुंजनला दिवस गेल्याचं फेब्रुवारीत कळलं. ती पुण्याला असते. बाळंतपणाला इथेच येणार आहे. तेव्हा मात्र ह्यांना काम मिळालं. पाळण्यासाठी छतात कडी बसवायची म्हणून चार दुकानं पालथी घातली, आणि आणली ती अशी की तिला ट्रान्सफॉर्मर टांगता येईल. मला वाटलं, आता हे घरात रुळतील. नातू नाहीतर नात येईल, खांब सुटेल.

तो सुटला नाही, कारण सौरव त्याच खांबावर लागला होता.

सौरवने आयटीआय केलं. दोन वर्षं इकडेतिकडे अर्ज केले. गेल्या दिवाळीनंतर एका एजन्सीमार्फत कंत्राटी लाईनमन म्हणून लागला, तोही ह्यांच्याच भागात. कंत्राटी म्हणजे काम तेच, खांब तेच, पण उद्या येऊ नको म्हटलं की झालं. मला नको होतं. हे म्हणाले, "माहा पोरगा आहे, मी शिकवतो त्याले." त्या वेळी ते नोकरीत होते. शिकवायला दोन महिने मिळाले, आणि ते निवृत्तीच्या कागदपत्रांतच गेले.

मार्चमध्ये ऊन वाढलं, लोड वाढला आणि फोन पुन्हा सुरू झाले. नियमाने खांबावर दोन माणसं लागतात, एक वर, एक खाली. सौरवचा जोडीदार कधी असतो, कधी नसतो. एजन्सीला दुसरा माणूस मागितला की ती तुमच्याऐवजीच दुसरा बघते. मग सौरवबरोबर बाबा. आधी मला बरंच वाटलं. पोराजवळ जाणतं माणूस आहे, शिडी धरतंय, चार गोष्टी सांगतंय. दोघं रात्री धुळीने माखून घरी येत, एकाच बादलीत हात धुवत. गोळाभाताचा फडशा पाडत. मी वाढता वाढता विचारायची, "कोण चढलं होतं?" सौरव ताटात बघायचा. हे म्हणायचे, "चढलं कोणी तरी. लाईट आली ना तुयी?"

इतकी वर्षं लाईनमनची बायको आहे मी. तेवढ्यावरून कळायला हवं होतं. कळलंही असेल. विचारलं नाही.

वर चढत होते ते हे. परमिटही हेच घेत होते, स्वतःच्या आवाजात. निवृत्त माणसाला परमिट देता येत नाही, म्हणून मारोतराव नाव सौरवचं लिहीत आणि आवाज ह्यांचा ऐकत. दोघांनी ते कधी आपसात ठरवलंही नसावं. एकाने नेहमीसारखं मागितलं, दुसऱ्याने नेहमीसारखं दिलं.

मग गेल्या आठवड्यात ते वावधन आलं. दुपारभर आभाळ पिवळं होतं, आणि दिवस मावळायच्या सुमाराला धुळीचा लोट उठून अर्ध्या हुडकेश्वरचे पत्रे उडाले. नव्या लेआउटच्या वळणावर कडुलिंबाची फांदी मोठ्या लाईनवर पडली. हे दोघं गेले. उशिरा परत आले. ह्यांनी जेवून घेतलं. सौरव भूक नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर मूगवड्या घालत होते, तर तो येऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला.

मी म्हटलं, "पोट दुखते का?"

"नाही."

"एजन्सीवाले काही बोलले?"

"नाही ना आई." मग म्हणाला, "आई, मी बाबांले मारून टाकलं असतं."

मी हातातली वडी तशीच धरून राहिले.

त्याने सांगितलं ते असं. हे वर होते, तो खाली. फांदी कापली, तार सरळ झाली. काम करताना तारेला जमिनीशी जोडून ठेवणारी एक दांडी लावतात, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून. काम झालं की ती काढतात. ह्यांनी ती काढून दोरीने खाली सोडली. दांडी खाली आली म्हणजे आता बाबा उतरणार, हे सौरवने रोज पाहिलेलं. खाली पन्नासेक लोक जमलेले. कुणाच्या आईला दमा, कुणाचं तान्हं मूल, सगळे ओरडत होते, अजून किती वेळ, अजून किती वेळ. ह्यांचा फोन सौरवच्या खिशात होता. त्याने मारोतरावांना लावला आणि म्हणाला, "काका, झालं. परमिट परत."

ह्यांना उतरता उतरता तार जिच्यावर टेकते त्या चिनीमातीच्या एका चिमणीवरचं तारेचं बांधकाम ढिलं दिसलं होतं. ते पुन्हा वर सरकले आणि तार हातात धरून ते आवळत बसले.

"मग?" मी म्हटलं.

"मारोतरावकाका म्हणे, तू कोण? मी म्हटलं, सौरव. ते म्हणे, माणसं खाली?" तो थांबला. "मी हो म्हणणारच होतो आई. तोंडात आलं होतं. तेवढ्यात वर पाहिलं, तं बाबांचे बूट दिसले. बूटच दिसले फक्त, वर अंधार होता."

मग तो म्हणाला, नाही काका, नका सोडू. मारोतरावांनी फोन ठेवला. नंतर ह्यांनी खाली येऊन स्वतः लावला, तेव्हा लाईन सोडली. घरी येताना गाडीवर हे एवढंच म्हणाले, "तुया आईले नको सांगू."

मी त्याला म्हटलं, "तू काहून नाही चढत? काम तुझं आहे."

तो म्हणाला, "पहिल्या दिवशी चढलो होतो. पाय लटलट कापले. बाबा म्हणे, उतर, मी पाहतो. आई, सगळ्यांचेच कापतात ना पहिल्या दिवशी? दुसऱ्या दिवशी कमी कापले असते. पण दुसऱ्या दिवशी बाबांनी चढूच नाही दिलं. मग तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं नाही." टाकीच्या कडेचं शेवाळ नखाने खरवडत होता. "मी वर असतो अन् बाबा खाली, तर असं झालं असतं का सांग. बाबांनी लाईन सोडू दिली असती का?"

वड्या तशाच वाळल्या, अर्ध्या थाळीत आणि अर्धं वाटण भांड्यात.

ह्यांच्याशी मी परवा बोलले. दुपारची वेळ, हे स्टुलावर उभे राहून पाळण्याच्या कडीला लोंबकळून बघत होते, वजन पेलते का म्हणून. मी म्हटलं, "उतरा खाली."

"थांब वं, टेस्टिंग चालू आहे."

"सौरवने सांगितलं मला."

हे उतरले. स्टूल जागेवर ठेवलं. मग म्हणाले, "पोट्टं पाण्यासारखं आहे. काही राहत नाही त्याच्यात."

"त्याचं सोडा. तुम्ही काहून चढता? नोकरी संपली, पट्टा जमा केला, आता तुमचं तिथे काय ठेवलं आहे? लोकांनी लाईटवाले काका म्हणावं म्हणून?"

"लोकाइची मले काय पडली."

"मग?"

ह्यांचा करदोट्याशी हात गेला, हे त्यांना कळतही नाही. म्हणाले, "मी कवडीत घेतलेला माणूस आहे, शामला. इतक्या वर्षांत दोनदा फेकल्या गेलो, एकदा हात भाजला, पण मले कोणी नेलं नाही. सौरवचं तसं आहे का? त्याले कोणी विकलं का घेतलं? सरळ जन्मला, सरळ वाढला. चांगला माल आहे तो. वर गेल्यावर यमाले चांगलाच माल दिसतो."

मला हसू यायला हवं होतं. एरवी मी म्हटलं असतं, काय अडाण्यासारखं बोलता. पण ते थट्टा करत नव्हते. मी म्हटलं, "मग ती कवडी द्या त्याला, आणि तुम्ही घरी बसा."

हे म्हणाले, "तशी देता येत नाही वं. ज्याच्यासाठी दिली त्याचीच असते." आणि स्टूल ओढून पुन्हा चढले.

तेव्हा मला कळलं की हा माणूस मानापायी चढत नाही, सवयीनेही नाही. तो मुलाच्या जागी उभा राहतो आहे. आणि अशा माणसाला घरात बसवायचं कसं, हे मला येत नाही. मानाची भूक असती तर मी काहीतरी केलं असतं. गल्लीत चार जणांना सांगून सत्कार करवला असता, कुठे सोसायटीत सचिव केलं असतं. पण बाप म्हणून वर चढलेल्या माणसाला खाली या म्हणायचं, तर दुसऱ्या कुणाला वर पाठवायचं? माझ्याच मुलाला. दोघांपैकी एक वर असणारच. आई म्हणून आणि बायको म्हणून मी इतकी वर्षं अंगणात उभी राहून गाडीचा आवाज ऐकला. वाटलं होतं, जानेवारीत ते संपलं. संपलं नाही, दुप्पट झालं.

थकवा आला आहे. झोपेने जाईल असा नाही. गुंजनचा आज दुपारी फोन आला होता, पाय सुजले म्हणत होती, बाबा कसे आहेत म्हणत होती. मी म्हटलं, मजेत आहेत, कडी बसवून राहिले. तिला या दिवसांत काय सांगणार.

उद्या नव्या लेआउटच्या त्याच लाईनवर काम आहे. पावसाळ्याआधी सगळ्या चिमण्या बदलायच्या आहेत, एक नाही, ओळीने सगळे खांब. सौरवचा जोडीदार सुटीवर आहे. सकाळी सात वाजता परमिट घ्यायचं. बूट दाराशी आहेत.

संध्याकाळपासून मी एकेक माणूस मनात घेऊन पाहिला. साहेबांना सांगितलं, तर मारोतरावांवर चौकशी बसेल. त्यांची दोनच वर्षं उरली आहेत, आणि त्या माणसाने ह्यांचा जीव वाचवला आहे. सौरवचं कंत्राट त्याच दिवशी जाईल. जाईना का, असंही एकदा मनात आलं. पण मग तो उरलेला जन्म कापऱ्या पायांचा मुलगा म्हणून काढेल, आणि हे त्याला कधी काही म्हणणार नाहीत, तेच त्याला जास्त लागेल. ह्यांना बूट लपवून थांबवता येत नाही. हे चपलेवर जातील, ते आणखी वाईट.

सौरव टाकीखाली बसून बोलला ते मात्र सारखं परत येतं. मी वर आणि बाबा खाली असते तर असं झालं असतं का? नसतं झालं. ह्यांच्याइतका खाली उभा राहणारा माणूस हुडकेश्वरात दुसरा नाही. हे खाली असते तर पन्नास लोक काय, पाचशे ओरडले असते तरी मुलाचे पाय जमिनीला लागल्याशिवाय ह्यांनी फोन खिशातून काढला नसता. ह्यांची जागा खाली आहे. ते ह्यांना कुणी सांगितलं नाही, आणि माझं ऐकणार नाहीत. नियमाचं ऐकतील. नोकरीत सगळं केलं, पण ऑपरेटरने नाही म्हटल्यावर चढले, असं कधी झालं नाही.

म्हणून मी आता मारोतरावांना फोन करणार आहे. त्यांची आज रात्रपाळी आहे, सकाळचं परमिट देऊनच घरी जातात. मी त्यांच्याशी आजवर लग्नकार्यात दोन शब्द बोलले असेन, तेवढंच. मी त्यांना सांगेन की भाऊ, त्या दिवशी तुम्ही विचारलं म्हणून माझं कुंकू राहिलं. पण पुन्हा ह्यांच्या आवाजावर परमिट देऊ नका. उद्या सात वाजता ह्यांचा फोन आला तर म्हणा, ज्याचं नाव आहे त्याला द्या. सौरवने स्वतः मागितलं तरच द्या, आणि परत करायला बाप खालून बोलेल असंही होऊ देऊ नका. मुलगा खांबावरून उतरून, स्वतःच्या तोंडाने म्हणेल तेव्हाच सोडा.

हे सांगताना मी माझ्याच मुलाला वर चढवते आहे, हे मला कळतं. उद्या सात वाजता त्याचे पाय कापतील. ह्यांना फोनवर त्यांच्या मारोतरावांनी पहिल्यांदा नाही म्हटलेलं असेल, आणि ते कुणामुळे हे कळायला ह्यांना घरी यायचीही गरज पडणार नाही. आठ दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. पंधरा दिवसही. पण खाली उभे राहतील. मुलगा वर असताना ते दुसरीकडे कुठे बघूच शकणार नाहीत.

मारोतरावांचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये आहे, आणि फोन उशाखाली. दारातून जाताना बूट ओलांडावे लागतील. उशाखालून फोन काढताना हे जागे झाले तर होऊ देत, त्यांच्यासमोरच लावीन.